आठ सेकंद आणि बिरगावची घंटी

आपण लावलेला फोन समोरच्याने उचलला की नाही, हे दोघांनाच माहीत असतं. ज्याने लावला त्याला आणि ज्याने उचलला त्याला. तिसऱ्याने त्यात पडू नये. मी पडलो, कारण कारखान्याने मला तेच काम दिलं होतं.

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मी विद्युत विभागात होतो. मोटारी, पंखे, केबल, एवढीच माझी दुनिया. टेलिफोनशी संबंध असा की तोही तारेवर चालतो. एक दिवस जनरल मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेलिफोनचं बिल समोर धरलं. लोकल कॉल फार होताहेत, कोण करतं ते कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मोबाइल तोवर बहुतेकांच्या खिशात आले होते, पण फुकटात बोलायचं असलं की हात टेबलावरच्या फोनकडेच जायचा.

ऑफिस, गेट, स्टोअर, ट्रक तोलायचा धरमकाटा असे मिळून चाळीसेक फोन होते आणि ते सगळे भिंतीवरच्या एका पेटीला जोडलेले. पेटीतून बाहेर टेलिफोन खात्याच्या सहा लाइनी. पेटीला सगळे बोर्ड म्हणत. कोणत्या टेबलावरून, कोणत्या नंबरला, किती वेळ बोलणं झालं, हे छापून द्यायची सोय त्या बोर्डात होती. पण ती कोणी सुरूच केली नव्हती.

"तुम कर लोगे?" साहेबांनी विचारलं.

"हाँ सर," मी म्हणालो. हे 'हाँ सर' माझ्या तोंडून आधी निघतं आणि विचार मागून येतो. बायको म्हणते, येतच नाही.

बोर्डासोबत एक वीसपानी पुस्तिका होती. ती मी दोन दुपारी वाचली आणि मला फार आनंद झाला, कारण तिच्यातलं बरंचसं कळलं. मुद्दा एवढाच होता की बोर्डाला आपण फिरवलेला नंबर दिसतो, पण पलीकडे कोणी उचललं की नाही ते दिसत नाही. ते टेलिफोन खात्यालाच माहीत. खात्याने आपल्या लाइनीवर तशी सोय करून दिली, तर पलीकडचा फोन उचलताच तारेतल्या विजेची दिशा उलटते, बोर्डाला ते उलटणं जाणवतं आणि तो मोजायला लागतो. त्यासाठी सहाही लाइनींचा अर्ज करायचा, साहेबांची सही घ्यायची, खात्याच्या ऑफिसात दोन-चार चकरा मारायच्या. दिवस उन्हाळ्याचे होते. पुस्तिकेच्या पुढच्याच पानावर माझ्यासारख्या माणसांसाठी आडवाट दिलेली होती. विजेची दिशा उलटत नसेल, तर बोर्डाला अंदाज बांधू द्या. नंबर फिरवून अमुक इतके सेकंद झाले की समजायचं, बोलणं सुरू झालं. हा आकडा आपण भरायचा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने भरून पाठवलेला आकडा होता तीस.

मी आडवाटेने गेलो. आठवड्याभरात प्रिंटर जोडला, बोर्ड चालू केला आणि साहेबांना दाखवायला त्यांच्याच टेबलावरून रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घरी फोन लावला. आईचा पाट फोनच्या शेजारी असतो. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल."

"काही नाही, असंच लावला."

"असंच लावायला ऑफिसात पाठवते का तुले? ठेव. दूध उतू चाललं."

ठेवला. मी धावत शेजारच्या खोलीतून छापील पट्टी आणली. पट्टी कोरी होती. तीस सेकंद व्हायच्या आत आईने मला उरकलं होतं. कार्मिक अधिकारी तिथे बसले होते. ते रायपूरचेच, छत्तीसगढी माणूस, हसायला लागले की पोट आधी हलायचं. "भैया, ये तो माताजी को पकड़ ही नहीं पाया," ते म्हणाले. साहेबही हसले.

तिथे माझं डोकं फिरलं. खाली आलो, घड्याळ लावून हिशेब केला. नंबर फिरवल्यापासून ठेवेपर्यंत आईला अकरा सेकंद लागले होते. मी तीस खोडून आठ भरले. आईलासुद्धा सुटता येणार नाही असा बंदोबस्त केला आणि वर जाऊन पुन्हा घरी फोन लावला. आईने या वेळी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण पट्टीवर एक कॉल छापून आला. साहेब म्हणाले, "वाह." त्या एका 'वाह'वर मी महिनाभर चाललो.

आठ सेकंदांत घंटी किती वेळा वाजते, हे मोजायचं माझ्या मनात आलं नाही. दोन वेळा वाजते, फार तर तीन. म्हणजे कोणी उचललं नाही, बिचाऱ्याने पाच घंट्या वाट पाहून ठेवला, तरी बोर्डाच्या लेखी तो बोलला. मला हे कळायला हवं होतं. वीज खात्यातल्या पोट्ट्यालाही कळलं असतं.

महिना संपला आणि पहिला रिपोर्ट निघाला. मी तो हिरव्या फायलीत लावला. टेलिफोन खात्याचं बिल आलं तेव्हा त्यातले कॉल माझ्या रिपोर्टपेक्षा बरेच कमी होते. यावरून मी काय निष्कर्ष काढावा? मी काढला की खात्याचं मीटर हळू चालतं. तसं त्यांना कळवायचं पत्रही मी तयार केलं. आमच्या अकाउंटंटने ते वाचलं, चार घड्या घालून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि दार लावून घेतलं. "चुप रहो भैया," तो म्हणाला. "बिल कम आया है, ऐसी शिकायत आज तक किसी ने की है?"

रिपोर्टने कारखान्यात खळबळ माजवली. खरेदी विभागातल्या एकाने तर कधी न केलेल्या बोलण्याची माफीसुद्धा मागून टाकली. आणि यादीच्या सगळ्यात वर होता धरमकाट्याचा फोन.

काट्यावर जे काका होते ते मूळचे वरूडकडचे. तरुणपणी रायपूरला आले आणि तेहतीस वर्षं याच कारखान्यात वजन करत राहिले. कोळशाचा ट्रक आला की भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, चिठ्ठी फाडायची. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि त्यांनी एका वर्षाची मुदतवाढ मागितली होती. कारण साधं होतं. राहायला कारखान्याचं क्वार्टर, धाकटी मुलगी बी.एड.ला. क्वार्टर गेलं की मुलीचं शिक्षण अर्ध्यात सोडवून गावी जायचं. वर्ष मिळालं की तिची परीक्षा होत होती. फाइल शनिवारी हेड ऑफिसला जायची होती.

माझ्या रिपोर्टप्रमाणे काकांनी महिन्याभरात एकाच नंबरला सहाशेच्या वर फोन केले होते. रोज वीस-बावीस. नंबर जवळच्या बिरगावचा. दर वेळी बोलणं साधारण अर्ध्या मिनिटाचं.

कँटीनमध्ये आधी बाईची गोष्ट निघाली. ती मीच काढली हे कबूल करतो. "दिवसातून वीस वेळा तर मी लग्न ठरल्यावरही नव्हतो बोललो," असं मी म्हणालो आणि लोक हसले. पण कार्मिक अधिकाऱ्यांनी तो नंबर कोणाचा ते शोधलं तेव्हा त्यांचं पोट हलायचं थांबलं. नंबर कोळशाच्या ट्रान्सपोर्टरच्या यार्डाचा निघाला. काट्यावरचा माणूस, ट्रान्सपोर्टरचा नंबर, दिवसातून वीस वेळा, दर वेळी अर्धा मिनिट. इथे काहीतरी शिजतंय असं कोणालाही वाटेल. वजनात घोळ आहे, असं त्यांना वाटलं.

काकांना बोलावलं. मलाही बोलावलं, रिपोर्टसकट.

"यार्ड में किससे बात करते हो, दादा?"

"मी कोनाशीच बोललो नाही, साहेब," काका म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "मैं सिर्फ घंटी मारता हूँ."

"छह सौ बार घंटी? और ये आधा-आधा मिनट?"

"घंटीच मारतो मी. उचलत नाही कोनी."

"तो मशीन झूठ बोल रही है?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. त्या क्षणी मी जे बोललो ते मी आजही शब्दशः सांगू शकतो, कारण ते मला पुष्कळदा ऐकवलं गेलं आहे. मी म्हणालो, "मशीन में गलती की गुंजाइश नहीं है, सर."

काका दाराकडे वळले. बाहेर पडताना फक्त म्हणाले, "तू कधी काट्यावर आला काय रे?" मी म्हणालो, नाही. "तेच म्हणतो," असं म्हणून गेले.

माझा रिपोर्ट त्यांच्या मुदतवाढीच्या अर्जाला टाचला गेला. काट्याच्या फोनवरून बाहेर फोन लागू नये असा हुकूम झाला आणि मी बोर्डात ते दहा सेकंदांत करून टाकलं. अशी कामं मला पटकन जमतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर एकही ट्रक आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. भट्टीकडून कोळशासाठी ओरड सुरू झाली. एक वाजता सगळे ट्रक एकदम आले. पंधराएक तरी असतील. गेटपासून हमरस्त्यापर्यंत रांग, रस्त्यावर दुसरी रांग, त्यात शिफ्टची बस अडकलेली आणि बसच्या मागे जनरल मॅनेजर साहेबांची गाडी. साहेब पांढऱ्या शर्टात उतरून कोळशाच्या धुळीतून पायी आले. काट्यावर पोचले तोवर शर्टाचा रंग सांगता येत नव्हता.

"काँटा बंद क्यों है?"

"काटा चालू आहे, साहेब," काका वजनाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "घंटी बंद है."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी चौकशी करायला मला पाठवलं. मी मोटारसायकल काढून बिरगावला गेलो.

यार्ड म्हणजे मोकळं मैदान, कडेला पत्र्याचं ऑफिस. एक फोन खिडकीत ठेवलेला, डायलवर कुलूप आणि बाहेर खांबावर भलीमोठी घंटी जोडलेली. नंतर आलेल्या ट्रकांच्या सावलीत दोन-तीन ड्रायव्हर पत्ते कुटत होते. त्यांनी मला जे सांगितलं ते असं. आमच्या गेटसमोर ट्रकांची रांग लावायची नाही, ही कारखान्याचीच सूचना. म्हणून ट्रक यार्डात थांबायचे. काट्यावर जागा झाली की काका यार्डाचा फोन लावायचे. खांबावरची घंटी खणखणायची, दहा-बारा वेळा, कारण पलीकडच्या टोकाला झोपलेल्यालाही ऐकू गेली पाहिजे. घंटी थांबली की पुढचा ट्रक निघायचा. आज घंटी वाजलीच नाही, तेव्हा दुपारपर्यंत वाट पाहून सगळे एकदम निघाले. ड्रायव्हर बिहार, झारखंडकडचे. त्यांच्या मोबाइलवर फोन करायचा तर रोमिंगमुळे इनकमिंगलाही पैसे लागायचे आणि निम्म्यांची बॅटरी उतरलेली असायची.

"और फोन उठाता कौन है?" मी विचारलं.

"उठाने का नियम नहीं है," एक जण म्हणाला. "जो उठाएगा, सबको चाय पिलाएगा."

"किसी ने उठाया है कभी?"

"एक नया आदमी था. दस चाय लगी उसको. फिर नहीं उठाया."

मी त्या खांबाखाली उभा राहून मनातल्या मनात बारा घंट्या मोजल्या. पस्तीस-चाळीस सेकंद झाले. त्यातून आठ वजा केले. उरला अर्धा मिनिट, तोच माझ्या कागदावर सहाशे वेळा छापलेला. काका खरंच कोणाशी बोलले नव्हते. त्या सहाशे घंट्यांसाठी टेलिफोन खात्याने आमच्याकडून काहीही घेतलं नव्हतं आणि कारखान्याचा कोळसा त्यांच्यावर चालला होता.

परतताना मी माझ्या बचावाच्या योजना आखल्या. पहिली अशी की आठ गुपचूप खोडायचे, खात्याला तो राहिलेला अर्ज करायचा, पुढच्या महिन्याचा रिपोर्ट आपोआप स्वच्छ येईल आणि कोणाला काही कळणार नाही. योजना चांगली होती. फक्त फाइल शनिवारी जाणार होती आणि आज गुरुवार होता.

दुसरी योजना मी करूनही पाहिली. कार्मिक अधिकाऱ्यांकडे जाऊन म्हणालो, सर, तो रिपोर्ट जरा परत द्या, छपाईत थोडी गडबड आहे. ते म्हणाले, "अरे नहीं भैया, बढ़िया रिपोर्ट है. दो कॉपी और निकाल के दो."

मी दोन प्रती आणखी काढून दिल्या. होय, दिल्या.

संध्याकाळी काकांच्या क्वार्टरवर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काकांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतपतच विचार होता. दार मुलीने उघडलं. मी मराठीत विचारलं, काका आहेत का? ती म्हणाली, "पापा ड्यूटी पे हैं, अंकल." आत काकू जमिनीवर बसून पितळी डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. भिंतीशी दोन खोकी बांधून ठेवलेली. मुलीची पुस्तकं तिसऱ्यात होती, वरून उघडं.

"ये, बस," काकू म्हणाल्या. "कप अजून बांधले नाहीत. चहा घेऊनच जा."

मी चहा घेतला. नको म्हणता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. कार्मिक अधिकारी तिथेच होते, फाइल त्यांच्या हातात.

"सर, आपके बंगले पे अभी कोई है?" मी विचारलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोई नहीं है. क्यों?"

"तो एक बार फोन लगाइए वहाँ."

"जब कोई है ही नहीं?"

"इसीलिए, सर."

त्यांनी लावला. घंटी वाजत राहिली. मी हात वर करून 'अजून, अजून' असं खुणावत होतो आणि साहेब कानाशी फोन धरून रिकाम्या बंगल्याची घंटी ऐकत होते. मग ठेवला. मी पळत जाऊन पट्टी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. जनरल मॅनेजर, बंगल्याचा नंबर, एक कॉल, एकवीस सेकंद.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "मैंने किससे बात की?"

"किसी से नहीं, सर."

"इक्कीस सेकंड?"

"जी."

"बात अच्छी रही?"

कार्मिक अधिकारी हसले आणि लगेच थांबले, कारण साहेब हसत नव्हते. मी मग तीस, अकरा आणि आठ हे सगळं सांगून टाकलं. आईचं दूधसुद्धा सांगितलं. बिरगावचा खांब सांगितला. शेवटी म्हणालो, मशीनची चूक नाही, सर, आकडा मी भरला होता.

"तुम बोले थे गुंजाइश नहीं है," कार्मिक अधिकारी म्हणाले. मी म्हणालो होतोच.

साहेबांनी फाइल घेतली, टाचणी काढली आणि माझा रिपोर्ट बाजूला ठेवला. काट्याचा फोन तासाभरात सुरू करायला सांगितलं. मी सुटलो असं वाटलं, पण कार्मिक अधिकारी व्यवस्थित माणूस. फाइलीच्या टिपणीत रिपोर्टचा उल्लेख आधीच झालेला, तेव्हा रिपोर्ट काढला तर त्या जागी काहीतरी लागेल, असं त्यांनी सांगितलं. "लिख के दो. जैसा हुआ, वैसा."

मी हिंदीत पानभर लिहून दिलं. घंटी वाजणं आणि बोलणं यांतला फरक यंत्राला समजत नव्हता. आकडा भरणाऱ्याला समजायला हवा होता, तो समजला नाही. काट्यावरच्या कर्मचाऱ्याने कोणाशीही बोलणं केलेलं नाही. खाली सही. ते पान काकांच्या अर्जाला टाचलं गेलं आणि शनिवारी फाइल गेली.

तीन आठवड्यांनी मुदतवाढ आली, पूर्ण वर्षाची. त्याच डाकेत मला मेमो आला, निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद. मी दोन्ही घेऊन काट्यावर गेलो. काकांनी आपलं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि माझ्या मेमोसाठी हात पुढे केला. चष्मा वर सरकवून, कागद लांब धरून, अगदी शेवटपर्यंत वाचला.

"मले तेहतीस वर्षांत एक नाही भेटला," म्हणाले.

"तुम्हाला काहून भेटेल, काका?"

"तसं नाही. माह्या फाइलीत आता तुहं ते पान लागलं. बोलला नाही, असं लिहिलं ना त्यात?"

"हो. एकदम स्पष्ट लिहिलं."

"म्हणजे कोनीतरी म्हटलं होतं, बोलला म्हणून." ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. ट्रकाचं वजन पाहतात तसं. "ते पान काढता येईल का?"

मी कार्मिक अधिकाऱ्यांना विचारलं. लागलेलं पान फाइलीतून निघत नाही, त्यावर नंबर पडलेला असतो, असं ते म्हणाले. हे सांगायला मी परत काट्यावर गेलो तेव्हा काकांनी मान हलवली आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण ट्रक काट्यावर चढत होता.

मुलीची परीक्षा झाली, ती पास झाली, क्वार्टर त्यांनी वेळेवर रिकामं केलं. निरोपाच्या दिवशी त्यांची फाइल बंद करण्याआधी मी ती पाहून घेतली. नेमणुकीचं पत्र, बढत्या, रजा, एकदा हाताला लागलं होतं त्याची डॉक्टरची चिठ्ठी. सगळे कागद त्यांच्या नोकरीचे होते. फक्त एकोणचाळिसाव्या पानावर, काकांनी कोणाशीही बोलणं केलेलं नाही याच्या खाली, माझी सही होती.